मीठ खाणारं शेवाळ

वर्ध्याला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या इमारतीतल्या बायकांनी मला एकच विचारलं, "आश्रम पाहिलात ना?" नाही पाहिला. मी कातडी भिजवलेल्या पाण्याची टाकी पाहून आले. हे ऐकून ज्यांनी नाकाला पदर लावला त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. वर्धा म्हणजे चरखा आणि प्रार्थना एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी मात्र मुद्दाम लिहिलं आहे.

तीस वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. प्राध्यापक फळ्यावर लिहायचे आणि मुलं खरोखर काय मोजतात ते मी बघायची. त्या नोकरीत माणसाचा स्वभाव बिघडतो. कुणी काहीही सांगितलं की आधी त्याची वही बघावीशी वाटते.

आणीबाणी उठून पाचसहा वर्षं झाली होती, मला निवृत्त होऊन दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा विलास थोटेचं पत्र आलं. विलास माझा जुना विद्यार्थी, वर्धा जिल्ह्यातला. आता तो त्याच जिल्ह्यात, सेलू आणि केळझरच्या मध्ये, कातडी कमावणाऱ्यांच्या एका सहकारी संस्थेत सरकारी पैशावर एक प्रयोग चालवत होता. त्यानं लिहिलं होतं, 'बाई, हिरवं शेवाळ सांडपाण्यातलं खत तर खातंच, पण मीठही खातं. एकदा येऊन डोळ्यांनी बघा.'

पहिलं अर्धं वाक्य मला मान्य होतं. कातड्याला चिकटलेलं रक्त, शेण, मांस पाण्यात कुजतं, त्यातून अमोनिया निघतो, आणि पाण्यातल्या बारीक हिरव्या शेवाळाला तो खतासारखा लागतो. पण मीठ? शेवाळाला मिठाची एवढी आवड असती तर समुद्र केव्हाच गोड झाला असता. तिथे काही शेवाळाची टंचाई नाही.

मी दोन साड्या, सिल्व्हर नायट्रेटची काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली, पिवळ्या क्रोमेटची छोटी बाटली, ड्रॉपर, परीक्षानळ्या आणि डिस्टिल्ड वॉटर एवढं घेतलं आणि गाडीत बसले. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "होमिओपॅथी का?" मी हो म्हटलं. मग भुसावळपर्यंत ते मला आपलं पोट सांगत होते.

फाट्याच्या पुढे

वर्ध्याच्या स्टँडवर एसटी मिळाली. कंडक्टरला मी दोनदा बजावलं की फाटा आला की सांगा. त्यानं दोन्ही वेळा मान हलवली. त्या मानेचा अर्थ 'बघू' असा असतो हे मला केळझर आल्यावर कळलं.

"फाटा त मागंच राह्यला, आजी," तो म्हणाला. "तुमी झोपल्या होत्या, मंग कसं उठवाव?"

मी झोपले नव्हते. डोळे मिटले होते. पुण्यातला कंडक्टर उद्धटपणे उतरवून देतो, हा प्रेमाने पुढे नेतो. फरक एवढाच की प्रेमात पायपीट जास्त होते. केळझरला टेकडीवर गणपतीचं प्रसिद्ध देऊळ आहे. आलेच आहे तर दर्शन घ्यावं असं एक सज्जन सुचवत होते. मार्चमध्ये दुपारी दोन वाजता त्या उन्हात टेकडी चढायला भक्ती लागते. मी टपरीवर चहा प्यायले. डोंगरभर पळस फुललेला होता, ते खालूनही दिसत होतं.

तेवढ्यात बाभळीच्या सालीनं भरलेली एक बैलबंडी आली. पांढरं धोतर, पिळदार मिशा, पन्नाशी ओलांडलेला गाडीवान.

"कोठं जाऊन राह्यल्या, बाई?"

"त्या कातडीच्या कारखान्यावर."

"बसा मंग. मी बी तिकडंच जाऊन राह्यलो."

सालीच्या ढिगावर बसून मी तासभर तोंड चालवलं. पुण्याहून एवढी लांब आले होते आणि ऐकणारा पहिला माणूस मिळाला होता. मी त्याला सांगितलं की तिथे एक शहाणा बसला आहे, तो म्हणतो शेवाळ मीठ खातं. सरकार त्याला पैसे देतं. सरकारला काय, हिरवं दिसलं की झालं.

"मंग नाई खात?" गाडीवानानं विचारलं.

"भाकर खाणारा माणूस परात खातो का?"

तो हसला नाही. त्यानं बैलांना हाकारा दिला. मला वाटलं, कळलं नसेल.

कारखान्याच्या फाटकात विलास धावत आला. तिशीतला, डोक्यावरचे केस गेलेले, हातभर हिरवे डाग. माझ्या पाया पडला आणि बंडीकडे वळून म्हणाला, "अध्यक्षसाहेब, बाई तुम्हाला कुठे सापडल्या?"

गाडीवान म्हणजे संस्थेचे अध्यक्ष दौलतराव. साल आणायला माणूस मिळाला नाही म्हणून स्वतः गेले होते. मी खाली उतरले तेव्हा माझ्या साडीला सालीचा चुरा चिकटला होता आणि कान लाल झाले होते.

माझी राहण्याजेवण्याची सोय दौलतरावांच्याच घरी होती. त्यांच्या बायकोनं ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली आणि म्हणाली, "सांबार कमी पडलं का पाहा." मी वाटी पुढे करून सांबाराची वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं समजलं की इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या माउलीनं मूठभर कोथिंबीर माझ्या वाटीत आणून टाकली. मी ती खाल्ली. नाही कशी म्हणणार?

हात धुताना दौलतराव जवळ आले. "बंडीत बोलल्या ते खरं हाय का, बाई?"

"मोजल्याशिवाय मी काही म्हणत नाही," मी म्हटलं. तासभर मोजल्याशिवायच बोलत आले होते, हे त्यांनी मला ऐकवलं नाही.

सायकल आणि वांगी

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासनं प्रयोग दाखवला. कातडी गावोगावहून येते ती कुजू नये म्हणून मीठ चोळून. ती आधी पाण्याच्या टाक्यात भिजवतात, मग चुन्यात, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात. सगळं घाण पाणी पूर्वी ओढ्यात जायचं. गावानं तक्रार केली, कारखाना बंद करण्याची नोटीस आली, आणि तेव्हा विलासनं हा प्रयोग मांडला. ढोपरभर खोल सिमेंटची चार टाकी, त्यांत हिरवंगार पाणी. पाणी ढवळायला बांबूच्या पात्यांचं चाक, आणि ते चाक फिरवायला एक सायकल, टायर काढलेली, जमिनीत रोवलेली. विलास स्वतः तिच्यावर बसला आणि पेडल मारू लागला. दोन वर्षं तो रोज सायकल चालवत होता आणि कुठेही पोहोचला नव्हता.

पण खोटं लिहायचं नाही. पहिल्या टाक्यात येणाऱ्या पाण्याला उलटी यावी असा वास होता आणि चौथ्यातून जाणाऱ्या पाण्याला तलावाचा. त्यानं अमोनियाची परीक्षा करून दाखवली. येणारं पाणी तपकिरी झालं, जाणारं फिकट पिवळं. काम चोख होतं. मी "बरं आहे" म्हटलं. तो एवढा खूष झाला की मला वाईट वाटलं, कारण त्याच वेळी मी टाक्यावरची पाटी वाचत होते. 'मीठमुक्त पाणी. शेतीस उपयुक्त.'

"हे कुणी मोजलं?"

"मीच. दोन वेळा. जुलैत आणि ऑगस्टमध्ये."

"पावसात? उघड्या टाक्यात?"

त्यानं सायकलवरून पाय काढला. 

चौथ्या टाक्यातलं पाणी एका पाटानं शेजारच्या शेतात जात होतं. शेत शेवंताबाईंचं. पन्नाशीच्या, काटक, कमरेला खोचलेलं लुगडं. एकट्याच भाजी पिकवून सेलूच्या बाजारात नेत. वांग्याची रोपं उभी होती, पण पानांच्या कडा विस्तवानं भाजल्यासारख्या करपलेल्या. सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. मी बोट लावून जिभेला लावलं.

"मीठ फुटून राह्यलं, बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मी त या थोटेसाहेबाले दिवाळीपासून सांगून राह्यलो. तो म्हनते, खत जास्त झालं असन."

इथल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी मला ते चुकीचं वाटलं होतं. पुण्यात आम्ही क्रियापद बरोबर लावतो आणि ऐकतो मात्र कुणाचंच नाही.

त्यांच्या अंगणातच बाजेवर मी नळ्या मांडल्या. सांगायला सोपी परीक्षा आहे. पाणी पातळ करून घ्यायचं, त्यात पिवळं क्रोमेट टाकायचं, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब मोजत सोडायचे. पाण्यात मीठ असेतो पांढरा साका पडतो. मीठ संपलं की पाणी विटकरी होतं. जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. टाक्यात येणाऱ्या पाण्याला चौदा थेंब लागले. बाहेर जाणाऱ्याला एकोणीस.

मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. एकोणीस.

"वाढलं कसं?" दौलतरावांनी विचारलं. ते केव्हा येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नाही.

"ऊन. टाकी उथळ आहेत. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पावसाळ्यात पाऊस पडून पातळ होतं, तेवढंच."

विलास कुंपणाशी उभा होता. मी त्याला बाजूला नेलं आणि तीस वर्षांची सगळी सवय त्याच्यावर काढली. वर्गात तो शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवायचा, तेही काढलं. त्यानं ऐकून घेतलं.

"जानेवारीत मोजलं होतं मी, बाई," शेवटी तो म्हणाला. "सतरा आले होते."

"मग पाटी का नाही काढलीस?"

"अर्जातच लिहिलं होतं, मीठ जाईल म्हणून. तसं लिहिलं नसतं तर मंजूर झालं नसतं. मंजूर झालं नसतं तर कारखाना बंद. इथे चाळीस घरं आहेत."

"मग शेवंताबाईंच्या वांग्यांनी मंजूर केलं होतं का?"

"उद्या खात्याचे साहेब येणार आहेत नागपूरहून," तो खालमानेनं म्हणाला. "ओढ्याकाठच्या सगळ्या शेतांना हे पाणी द्यायचं ठरतंय. मला कुणापाशी बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून तुम्हाला पत्र घातलं. तुम्ही मोजल्याशिवाय राहणार नाही हे मला ठाऊक होतं."

मला एवढा राग क्वचितच आला असेल. "म्हणजे खोटं तू बोलायचं, आणि खरं बोलायला म्हातारीनं दोन दिवस गाडीत बसून यायचं?"

"हो," तो म्हणाला. निदान ते तरी सरळ बोलला.

साहेब आले

संध्याकाळी दौलतराव अंगणात माझ्यासमोर बसले. "बाई, शेवाळ मीठ नाई खात, समजलं. पन मीठ येते कोठून?"

"कातड्यावरून."

"ते त मले बी मालूम हाय. मंग पान्यात टाकाच्या आंधीच काऊन नाई झटकत?"

 तीस वर्षं मी पाण्यात विरघळलेलं मीठ मोजायला शिकवलं. विरघळायच्या आधी ते झाडूनही काढता येतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी विलासला चूक ठरवायला आले होते. ते झालं होतं, आणि त्यापुढचा विचार मी केलाच नव्हता. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात माणूस किती आळशी होतो, ते त्या अंगणात मला समजलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच दौलतरावांनी चार कातडी काढायला लावली. दोन तशीच एका पिंपात टाकली. दोन आडव्या लाकडी बल्लीवर टाकून दोन माणसांनी बडवली, खराट्यानं झाडली, मग दुसऱ्या पिंपात. पाणी दोन्हीकडे सारखं. जमिनीवर करड्या मिठाचा ढीग पडला, त्यात केस आणि शेण. बघायला मुळीच सुंदर नव्हतं. दुपारी मी दोन्ही पाणी मोजलं. पहिल्याला पंधरा थेंब, दुसऱ्याला नऊ.

"अजून नऊ राह्यलेच की," दौलतराव नाराज झाले.

"कातडी भिजवलेलं पहिलं पाणी ओढ्यातही नको आणि शेवाळातही नको," मी म्हटलं. "उथळ वाफ्यात वेगळं टाका. तुमच्याकडे ऊन फुकट आहे. वाळू द्या."

साहेब तीनला येणार होते, पाचला आले. जीपमधून उतरताना त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि तो भाषणाला उभे राहीपर्यंत काढला नाही. दौलतरावांच्या बायकोनं चहा पुढे केला. साहेब म्हणाले, "पोट जरा बरं नाही," आणि पाच मिनिटांनी जीपमधला थर्मास काढून त्यातला चहा प्यायले. दौलतरावांनी ते पाहिलं. त्यांनी असे थर्मास बरेच पाहिले असावेत. चेहरा हलला नाही. मी मात्र पुढे होऊन ट्रेमधला साहेबांचा कप उचलला आणि त्यांच्यासमोर उभी राहून तो प्यायले. एवढाच माझा त्या दिवसाचा पराक्रम.

टाक्यांपाशी साहेब चार मिनिटं थांबले. मग मांडवात भाषण केलं. हे शेवाळ उद्या पिठात मिसळून देशाची भूक भागवेल, असं ते म्हणाले. मीठमुक्त पाणी जिल्ह्यातल्या प्रत्येक ओढ्याला मिळेल, असंही म्हणाले. त्यांच्या हातात टाइप केलेला अहवाल होता, सहीपुरता बाकी. मी उठणार होते. विलास माझ्याकडे बघत होता, उठा म्हणून की बसा म्हणून, देव जाणे.

त्याआधी दौलतराव उठले.

"साहेब, या पान्यातलं मीठ जात नाई. वाढते. बाईनं मोजलं, मी पाह्यलं."

साहेबांनी विलासकडे बघितलं. "थोटे?"

विलास उभा राहिला.  "खरं आहे, साहेब. मला जानेवारीपासून माहीत आहे. खत जातं, वास जातो. मीठ जात नाही."

"मग हा अहवाल?"

"चुकीचा आहे."

"झटकून घेतलं त कमी होते," दौलतराव मध्येच म्हणाले. "चाला, दाखवतो." आणि साहेबांना त्या करड्या ढिगापाशी घेऊन गेले. साहेबांनी तो रुमालाआडून पाहिला. ज्या प्रयोगाला दोन वर्षं सरकारी पैसा लागला त्याच्या जागी खराटा बघायची त्यांची तयारी नव्हती. खराट्याचं उद्घाटन करता येत नाही.

निकाल असा लागला. ओढ्याकाठच्या शेतांना पाणी देण्याची योजना थांबली. कारखान्याला पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली, तोवर मिठाचं पाणी वेगळं करा नाहीतर बंद. विलासची नेमणूक जूननंतर वाढणार नाही, हे साहेबांनी जीपमध्ये बसता बसता सांगितलं. अहवाल मात्र परत नेला. तो फाडला की नुसता कपाटात ठेवला, मला माहीत नाही.

राहिलेले आठ दिवस

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. निघण्याआधी निरोप घ्यायला शेवंताबाईंकडे गेले. त्या करपलेली रोपं उपटत होत्या.

"मंग आता माह्या वावराचं काय?"

मी खरं तेच सांगितलं. मीठ जमिनीतून चांगल्या पाण्यानं धुऊन काढावं लागेल. काळी जमीन, पाणी लवकर खाली उतरत नाही. दोन पावसाळे तरी जातील.

त्यांनी हातातलं रोप बांधावर टाकलं. "म्हन्जे माह्यं वावर खराब झालं, हे त मलेच मालूम होतं. दोन वर्सं जाईन, हे मी बी सांगू शकलो असतो. एवढ्या दुरून येऊन तुमी काय केलं, बाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसती विचारणा होती. तीन दिवस मी सगळ्यांची जी झडती घेत आले होते ती कुणीतरी अगदी शांतपणे माझीच घेतली होती.  मी दौलतरावांच्या घरी परत गेले आणि विलासला तिकीट रद्द करायला वर्ध्याला पाठवलं. तो लगेच गेला. साहेब येऊन गेल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

आठ दिवस राहिले. सकाळी कातडी झटकायचं काम चाले. पहिलं पाणी सोडायला दौलतरावांनी पडीक खडकाळ जागेवर चुन्यानं लिंपून उथळ वाफे केले. वर्ध्याचं ऊन त्या कामाला सरकारी खात्यापेक्षा पुष्कळ चोख निघालं. चौथ्या दिवशी वाफ्यात पांढरी साय धरली. त्यानंतरचं उरलेलं पाणी शेवाळाच्या टाक्यांत गेलं. विलासनं जुनं हिरवं पाणी वाफ्यांत सोडून दिलं, थोडं विरजणाएवढं ठेवलं, आणि नव्या पाण्यावर शेवाळ पुन्हा धरवलं. शेवाळ बिचारं आपलं काम करत होतं. त्यानं कधी मिठाचं कबूल केलं नव्हतं. विलास सायकल मारायचा. पाटी त्यानं स्वतः उतरवली होती आणि उलटी करून खराटे ठेवायला वापरली होती.

दुपारी मी शेवंताबाईंच्या अंगणात जायची. त्यांना थेंब मोजायला शिकवलं. वाचता येत नव्हतं, मोजता उत्तम येत होतं. बाजारात भाजी विकणारी बाई, तिला आकडे कोण शिकवणार? पहिल्या दिवशी त्यांनी ड्रॉपर फार जोरात दाबला. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. बोटं काळी पडली तेव्हा म्हणाल्या, "हे जाईन का?" मी म्हटलं जाईल. "जाईन म्हन्ता, तवा मोजून सांगा किती दिवसांत," त्या म्हणाल्या. मी मोजून आठवडा सांगितला.

त्यांनी सगळ्यात आधी आपल्या विहिरीचं पाणी मोजलं. तीन थेंब.

"मंग वावरात येईन त्याले बी तीनच पायजे."

"पाचपर्यंत चालतं, मावशी," विलास म्हणाला. तो कुंपणाबाहेर उभा होता.

"तुले चालते. वांग्याले नाई चालत."

मी निघाले त्या सकाळी विलास चौथ्या टाक्यातलं पाणी बाटलीत घेऊन आला. रात्री त्यानं स्वतः मोजलेलं होतं आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की आकडा चांगला आहे. एकोणीसचे सहा झाले होते. त्यानं माझ्यापुढे बाटली धरली. मी पिशवी आवरत राहिले. त्यानं हात तसाच वळवला आणि शेवंताबाईंपुढे धरला.

त्यांनी आधी हात धुतले, नळी उन्हाकडे धरून पाहिली, विहिरीच्या पाण्यानं नको म्हणून माझ्या राहिलेल्या डिस्टिल्ड वॉटरनं विसळली. मग पाणी घेतलं, पातळ केलं, पिवळं टाकलं, आणि ओठ हलवत थेंब सोडू लागल्या. एक, दोन, तीन. नळीत पांढरं होत होतं. चार. पाच. दौलतराव बंडी जुंपून फाटकात थांबले होते. त्यांनी बैलांच्या घंटा हातानं धरल्या. सहाव्या थेंबाला पाणी विटकरी झालं.

"सहा," विलास म्हणाला. "मीही सहाच मोजले."

"हो. बराबर मोजले," शेवंताबाई म्हणाल्या. त्या उठल्या, पाटाच्या तोंडाशी गेल्या, मातीचं मोठं ढेकूळ उचललं आणि तोंडात बसवून पायानं घट्ट दाबलं.

"परत ने," त्या म्हणाल्या. "तीन झाले की आनजो. मी हायच इथं."

विलासनं बाटलीला बूच लावलं आणि टाक्यांकडे चालू लागला.